कातडीसकट भाजायची कालवड

एल्बिओ सिल्वेराने गुराकडे एकदा पाहिलं की त्याचं मत बनून जाई, आणि मग त्या गुराने जन्मभर काहीही केलं तरी ते मत हलत नसे. साल्तोकडच्या काळ्या खडकाळ माळावर, कालांद्रिया नावाच्या गुरांच्या वाडीवर तो अडतीस वर्षं मुकादम होता. त्याच्या नजरेला आसपासच्या वाड्यांत मान होता. प्रदर्शनात त्याला पंच म्हणून बोलावत. तो कुंपणाला टेकून उभा राही, टोपी जराशी मागे सारी, आणि गुरं एकेक करून समोरून जायला लागली की सगळं मैदान गुरांकडे न बघता त्याच्या भुवयांकडे बघत असे. डावी भुवई वर गेली की त्या जनावराचा मालक खूश. हे तो नकळत करत असे असं मात्र म्हणता येणार नाही.

कालांद्रियाच्या जमिनीत बोट खुपसलं तर दुसऱ्या पेराला खडक लागतो. तिथे नांगर चालत नाही. देवाने दिलेलं गवत, त्यावर लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची हेरेफर्ड गुरं, आणि ती खाणारी माणसं, एवढाच तिथला कारभार. पाऊस ओढला की आधी गवत पिवळं पडतं आणि मग गाईंच्या फासळ्या दुरून मोजता येतात. वाडीची मालकीण दोन्या ओफेलिया, म्हणजे ओफेलियाबाई, सत्तरीला आलेली, कोरडी, थोडक्यात बोलणारी बाई होती. मागच्या दोन दुष्काळांत तिला अर्धा कळप विकावा लागला होता. तिसरा आला तर विकायलाही काही उरणार नव्हतं.

"एल्बिओ," ती एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "मला थोड्या गवतावर तग धरणाऱ्या गाई हव्यात. देखण्या नसल्या तरी चालतील."

"दोन्या, थोडं खाणारी गाय म्हणजे थोडीच गाय," एल्बिओ म्हणाला, आणि विषय त्याच्यापुरता संपला.

एप्रिलात वासरांना डाग द्यायचा दिवस असतो. गडी फास टाकून वासरू पाडतात, तापलेला लोखंडी शिक्का टेकवतात, आणि गोऱ्हा असेल तर मुकादमाकडे बघतात. "ठेवा," असं मुकादम म्हणाला की तो गोऱ्हा पुढे वळू होतो. तो काही बोलला नाही तर सुरी चालते आणि गोऱ्हा खच्ची होतो. शंभरात दोन किंवा तीन राहतात. त्या वर्षी एक बुटका, बसक्या पुठ्ठ्याचा, तोंड रुंद असलेला गोऱ्हा जमिनीवर आला. एल्बिओने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"हा कोण? बेडूक?" तो म्हणाला. सगळे हसले आणि सुरी चालली.

कापून काढलेले गोळे तिथेच निखाऱ्यावर भाजून, जाडं मीठ लावून खायची रीत आहे. पहिला घास मुकादमाचा. एल्बिओने तो खाल्ला, ओठ पुसले आणि छान झालेत म्हणून सांगितलं.

त्या दिवसाची आणखी एक रीत अशी की काम संपलं की मुकादमाने कळपातली एक कालवड आपल्यासाठी निवडायची. तिच्यावर त्याचा स्वतःचा डाग बसतो, आणि ती वाडीच्याच कोपऱ्यात चरते. एल्बिओ दर वर्षी सगळ्यांत भिकार कालवड उचलत असे. ज्याच्या हाती निवड असते त्याने स्वतःसाठी चांगलं निवडलं तर लोक बोलतात, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. अडतीस वर्षं कोणी बोललं नव्हतं. त्याच्या अकरा गाईंकडे बघून बोलण्यासारखं काही नव्हतंच.

नोएलिया ही दोन्या ओफेलियाची भाची. ती गुरांच्या संशोधन केंद्रात काम करायची. तिने त्या वर्षी चाचणीसाठी एकाच वळूचे दहा खच्ची गोऱ्हे मागितले. एल्बिओने आपल्याला नको असलेले दहा काढून दिले. त्यात बेडूकही गेला.

"तिथे करतात काय पण?" वॉशिंग्टनने विचारलं. वॉशिंग्टन हा वाडीवरचा सगळ्यांत जुना गडी आणि सगळ्यांत मोठा तोंडाळ.

"प्रत्येकाने किती खाल्लं ते घासाघासाला मोजतो," नोएलिया म्हणाली. "आणि ढेकरातून किती वायू सोडला तेही. त्या वायूने हवा तापते. जो कमी खाऊन तेवढाच वाढतो, तो बहुधा कमी ढेकर देतो."

"ढेकरं मोजता? मग माझ्या सासऱ्याला घेऊन जा. यंत्राचा काटाच मोडेल."

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात, डागाच्या आठवडाभर आधी, एका मंगळवारी नोएलिया कागद घेऊन आली. माळ पुन्हा पिवळा पडला होता. जानेवारीपासून पाऊस नव्हता. स्वयंपाकघरात माते फिरत होता, म्हणजे एकच भोपळा, एकच नळी, आणि एकामागून एक सगळे तो कडू काढा ओढत होते. नोएलियाची पाळी आली तेव्हा तिने तो न ओढता हातात धरून ठेवला.

"दहांतला एक जण बाकीच्यांइतकाच वाढला, आणि खाल्लं मात्र पाचव्या हिश्शाने कमी. ढेकरही त्याच मानाने कमी. आमच्या केंद्रात इतका चांगला आकडा मी पाहिला नव्हता."

"कोणता?" दोन्या ओफेलियाने विचारलं.

नोएलियाने कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचला. कोणाच्या लक्षात येईना. मग तिने फोनवर फोटो दाखवला. बुटका, बसक्या पुठ्ठ्याचा, रुंद तोंडाचा.

वॉशिंग्टनने फोटो पाहिला, मग एल्बिओकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला. "दॉन एल्बिओ," तो अगदी आदराने म्हणाला, "तुम्ही कालांद्रियाचं भविष्य मीठ लावून खाल्लंत."

हसणं ओसरल्यावर नोएलिया म्हणाली, "बाप तर दहांचा एकच होता. तेव्हा हे आईकडून आलं असणार. आई कुठे आहे?"

दोन्या ओफेलियाने वही काढली. नंबर ऐकताच एल्बिओने गाय ओळखली.

"ती चोरटी," तो म्हणाला.

ती गाय सगळ्यांना आठवत होती. मागच्या दुष्काळात बाकीच्या गाईंची हाडं वर आली होती, आणि ही एक लोण्याच्या गोळ्यासारखी चकाकत होती. दुष्काळात कोण गुबगुबीत राहतं? जी कुंपणातून पलीकडे जाऊन शेजाऱ्याचं खाते ती. म्हणून एल्बिओने तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं होतं. लोढणं अडकवूनही ती वाळली नाही, तेव्हा ही लोढण्यापेक्षा हुशार आहे असं ठरवून, वासरू तुटल्यावर त्याने तिला गुरं पोसून कत्तलीला विकणाऱ्याला देऊन टाकलं.

"तिला कुंपण ओलांडताना कोणी पाहिलं होतं?" नोएलियाने विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं.

"दिसला तर तो चोर कसला?" एल्बिओ म्हणाला. पण त्याचं त्यालाच ते पटलेलं दिसलं नाही.

नोएलियाने बिल्ल्याचा नंबर फोनमध्ये घातला. त्या देशात प्रत्येक गुराची जन्मापासूनची वाट सरकारदरबारी नोंदलेली असते. "सोळा नोव्हेंबरला कत्तलखान्यात गेली. त्या तुकडीत सगळ्यांत आधी तयार झाली म्हणून आधी गेली."

माते आणखी एक फेरी फिरला.

"म्हणजे पोराला कापलं, आईला धाडलं," वॉशिंग्टन म्हणाला. "दॉन एल्बिओ, या घराण्याशी तुमचं काही जुनं वैर?"

पुन्हा सगळे हसले. एल्बिओही हसला, पण जरा उशिरा. कारण त्या घराण्यात तिसरी होती, आणि ते फक्त त्यालाच माहीत होतं. चोरटीला बेडकाच्या आधीच्या वर्षी एक कालवड झाली होती. ती इतकी बुटकी आणि बसकी होती की डागाच्या दिवशी एल्बिओने सवयीप्रमाणे तीच उचलली. दोन्या ओफेलियाच्या वहीत तिथे 'मुकादमाची' एवढंच लिहिलेलं होतं. आता ती अडीच वर्षांची होती, लहान चणीची, दगडाधोंड्यांतल्या गवतावरही अंगाने भरलेली. इतकी भरलेली, की येत्या शनिवारी, नात यामिला पंधरा वर्षांची होणार म्हणून, आणि तिकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा साजरा करतात म्हणून, एल्बिओने तिलाच कातडीसकट भाजायचं ठरवलं होतं.

ठरवलं होतं म्हणजे नुसतं मनात नव्हे. त्या भागात आमंत्रणं रेडिओवरून देतात. निवेदकाने दुपारच्या बातम्यांनंतर तीनदा वाचलं होतं: कालांद्रियाचे एल्बिओ सिल्वेरा यांच्या नातीच्या पंधराव्या वाढदिवसाला सर्व शेजाऱ्यापाजाऱ्यांनी यावं, कातडीसकट भाजलेली कालवड आहे. एकशेवीस माणसं येणार होती. कातडीसकट म्हटल्यावर मेंढरं कापून कोणाला तोंड दाखवता येत नाही.

त्या दिवशी एल्बिओ काही बोलला नाही. बुधवारी सकाळी घोड्यावरून आपल्या कोपऱ्यात गेला, उतरला, एका दगडावर बसला आणि त्या कालवडीकडे बघू लागला. एवढ्या वर्षांत कुठल्याही जनावराकडे त्याने एका मिनिटापेक्षा जास्त वेळ पाहिलं नव्हतं. तशी गरजच पडत नसे. त्या दिवशी तो दुपारपर्यंत बसला. त्याच्या बाकीच्या गाई दगडांमधून हिंडत होत्या, इथे तोंड घाल, तिथे तोंड घाल. ही थोडं चरली, पाणी प्यायली, आणि इतर अजून वणवण करत असताना सावलीत बसून डोळे मिटून रवंथ करू लागली. दोन तासांनी उठली, पुन्हा थोडं चरली, पुन्हा बसली. पुठ्ठा तसाच बसका होता. पाठीची रेघ वाकडी होती. त्यात एल्बिओची चूक नव्हती. त्याने जे पाहिलं होतं ते बरोबरच पाहिलं होतं, फक्त त्याचा खाण्याशी काही संबंध नव्हता.

तो थेट दोन्या ओफेलियाकडे गेला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"दोन्या, तिसरी आहे."

"कसली तिसरी?"

त्याने सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शनिवारी जी भाजणार होतास ती?"

"तीच."

"आणि काल तोंडात काय माते घोळवत बसला होतास का?"

"ती माझी आहे, दोन्या. डाग माझा आहे. लोक म्हणतील, एल्बिओ अडतीस वर्षं भिकार कालवडी उचलतो असं दाखवत होता आणि आतून सोनं गोळा करत होता."

दोन्या ओफेलिया क्वचित हसायची. तेव्हा हसली. "एल्बिओ, तुला इतका हुशार कोणी समजत नाही."

 ते बोलणं त्याला लागलं की त्याने त्याला हायसं वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

नोएलियाला फोन लावला. ती म्हणाली, "आईचं सगळंच पोरीत उतरतं असं नाही. अर्धी आशा धरा. शेपटीचे चार केस मुळासकट उपटून पाठवा, त्यांच्या मुळांवरून आनुवंशिक गुण तपासतो, महिना-दीड महिन्यात कळेल. पण तोवर ती जिवंत हवी, एवढं तरी कराल ना?"

"ती आजपासून वाडीची," एल्बिओ म्हणाला. "चोरटी वाडीची होती, तेव्हा तिची पोरही वाडीचीच."

"आणि शनिवारचं काय?" दोन्या ओफेलियाने विचारलं. "बदल्यात माझ्या कळपातली कोणतीही घे. तूच निवड."

घरी यामिलाला सांगितलं तेव्हा ती आरशासमोर केस बांधत होती. "आजोबा, मला नाचायचंय," ती म्हणाली. "कातडीसकटचं वेड तुम्हाला आहे. पण रेडिओवर सांगितलंय तेव्हा आता काहीतरी कातडीसकट आणाच, नाहीतर वर्गात सगळ्या माझी चेष्टा करतील."

गुरुवारी सकाळी एल्बिओ कळपात गेला. दुसऱ्याच्या कार्यासाठी असती तर त्याने निवड पाच मिनिटांत केली असती. कातडीसकट भाजायचं म्हणजे आठ-दहा तास मंद आगीवर, मांस स्वतःच्याच रसात शिजलं पाहिजे. वाळलेली कालवड अशी भाजली तर वहाण चावल्यासारखं लागतं. आणि त्या एप्रिलात कळपातली प्रत्येक कालवड वाळलेली होती. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. शेवटी तबेल्यामागच्या वाड्याजवळ थांबला.

तिथे दुकेसा होती. दुकेसा म्हणजे उमरावीण. नाव त्यानेच ठेवलं होतं. त्याने राखलेल्या वळूची मुलगी, सरळ पाठ, भरदार छाती, चालताना खुरांचा आवाजसुद्धा तोलून-मापून. सप्टेंबरात राजधानीच्या मोठ्या प्रदर्शनात ती जायची होती, म्हणून तिला गेले पाच महिने रोज धान्य मिळत होतं. एल्बिओ ते स्वतःच्या हाताने घालत असे. तिने रिकाम्या टोपल्यात तोंड घातलं आणि त्याच्याकडे बघून हंबरली.

दुपारच्या जेवणाला तो म्हणाला, "दुकेसा."

दोन्या ओफेलियाने चमचा खाली ठेवला. "नीट विचार केलास?"

"पातळ कातडी, पाठीवर चांगली चरबी, रुंद बरगड्या. भाजायला तिच्यासारखी दुसरी नाही."

"आणि सप्टेंबर?"

"सप्टेंबरात तिला पुन्हा धान्य लागेल. कालांद्रियावर धान्य पिकत नाही, दोन्या." तो जरा थांबला. "तिच्या पोरींनाही लागेल."

वॉशिंग्टन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून काही बाहेर पडलं नाही. त्या वर्षातली ती एक नवलाईच म्हणायची.

शनिवारी पहाटे आग पेटली. दुकेसाचे चार भाग करून, आधी मांसाची बाजू निखाऱ्याकडे, मग कातडीची, अशी ती दुपारपर्यंत भाजत राहिली. आग एल्बिओने कोणाला सांभाळू दिली नाही. माणसं ट्रकांतून, घोड्यांवरून आली. यामिला पांढऱ्या झग्यात आली, बापाबरोबर नाचली, मग आजोबांबरोबर नाचली आणि त्यांच्या बुटांवर पाय दिला. मग सुऱ्या निघाल्या, कारण तिथे ज्याने त्याने आपली सुरी घेऊन यायचं असतं.

एर्मोहेनेस तेचेरा हा ऐंशीचा म्हातारा, एल्बिओच्याही आधीचा पंच. दोघांचं चाळीस वर्षं एकाही वळूवर एकमत झालं नव्हतं. त्याने बरगडीजवळचा तुकडा कापला, चावला, डोळे मिटले.

"कोणी निवडली?"

"एल्बिओने," कोणीतरी म्हणालं.

"पाहा," तेचेरा आजूबाजूच्यांना सुरी दाखवत म्हणाला, "मी याच्याशी जन्मभर भांडलो. पण नजर आहे याला. अशी कालवड लाखात एक मिळते. तिच्यात खायचे सगळे गुण होते."

एल्बिओने त्याला आणखी एक तुकडा कापून दिला.

दोन्या ओफेलिया त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "आणि केसांचा निकाल उलटा आला तर? ती बुटकी नुसतीच बुटकी निघाली तर?"

"धाकटी नात आठ वर्षांची आहे," एल्बिओ म्हणाला.

निकाल जूनमध्ये आला. भावाइतके गुण तिला नव्हते, पण कळपातल्या इतर कालवडींपेक्षा बरेच जास्त होते. एल्बिओने नोएलियाला तो फोनवर दोनदा वाचायला लावला. नोएलियाने मग बाकीच्या सगळ्या गाईंचेही केस मागवले आणि एल्बिओने ते उपटून, पाकिटांवर नंबर घालून पाठवले. त्यातल्या काही गाई त्याच्या मते अगदी टाकाऊ होत्या. पण पाकिटावर मत लिहायला जागा नव्हती.

नोव्हेंबरात पावसाने माळ हिरवा झाला आणि गाई वळूकडे सोडायची वेळ आली. ती बुटकी कालवड फाटकाजवळ उभी होती. एल्बिओने फोन लावला.

"कोणता वळू?" त्याने विचारलं. अडतीस वर्षांत हा प्रश्न त्याने कोणाला विचारला नव्हता.

नोएलियाने नंबर सांगितला. एल्बिओने मान वर करून कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या त्या वळूकडे पाहिलं. खांदे अरुंद, मागचे पाय किंचित आत वळलेले. तो त्याला अजिबात आवडला नाही.

त्याने फाटक उघडलं.